हळदीच्या गोदामातलं गाणं

हे प्रकरण मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा भलतंच काही लिहून उठलो. एकदा आमच्या लाल कंधारी बैलजोडीवर चार पानं भरली, एकदा नांदेडच्या कॉलेजात काढलेल्या वर्षावर, आणि एकदा तर मायच्या हातच्या धपाट्यांवर. धपाट्यांची पानं सूनबाईला फार आवडली. पण ज्या माणसासाठी वही उघडली होती, त्याचं नावसुद्धा मी कागदावर येऊ दिलं नाही. सटवाजीमामा. आज लिहिलं. इतकी वर्षं मी हे बायकोला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. गावात त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते, ती खोटी आहे, आणि माझ्यासमोर कुणी ती सांगायला लागलं की मी मान हलवत बसतो. ती गोष्ट पहिल्यांदा खरी ठरवणारा माणूस मीच.

मागच्या दिवाळीनंतर नातवानं मला पुण्यात एका मोठ्या नाट्यगृहात गाणं ऐकायला नेलं. गार हवा, मऊ खुर्च्या, सगळं झकास. पडदा वर गेला, वादक वाद्यं जुळवायला लागले आणि मी सवयीनं एक टाळी वाजवली. एकच, खणखणीत. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. नातू ओशाळला. "आजोबा, अजून सुरू व्हायचंय," तो माझ्या कानाशी म्हणाला. मी म्हणालो, "गाण्याला नाही वाजवली रे, खोलीला वाजवली." "म्हणजे काय?" त्यानं विचारलं, आणि मी रंगमंचाकडं बोट दाखवून त्याला गाणं ऐकायला लावलं. उत्तर द्यायचं तर ही टाळी मला कुणी शिकवली, तेही सांगावं लागलं असतं.

तर सांगतो. आमचं गाव हिंगोलीकडं, कुरुंद्याच्या पट्ट्यातलं, हळदीचं. आमच्या घराला लागून गोदाम होतं, आजही आहे. बघण्यासारखी इमारत ती नव्हेच. दोन हात जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं सपाट माळवद, खाली शेणानं सारवलेली जमीन, बैलगाडी आत जाईल एवढं एकच दार आणि छताखाली दोन झरोके. वर्षाचे कितीतरी महिने तिथं औतं, दोरखंड आणि मांजरीची पिल्लं असत. पण हळद निघाली, कढईत शिजली, खळ्यावर वाळली, फिरत्या पिंपात घालून घासली आणि पोत्यांत भरली, की त्या गोदामाचं रूप पालटायचं. तिन्ही भिंतींना माणसाच्या उंचीच्या वर पोत्यांची थप्पी लागायची. मधे उरायचं एक चौकोनी आवार, पिवळ्या उजेडाचं, कारण झरोक्यातून येणाऱ्या उन्हात हळदीची धूळ तरंगत असायची. बाहेर चैत्राचं ऊन अंग भाजून काढायचं आणि आत पाऊल टाकलं की माठात हात घातल्यासारखं गार.

पोती बाजाराला जाण्याआधी त्या आवारात एक दुपार गाणं झालंच पाहिजे, असा आमच्या घरचा रिवाज. कुणी सुरू केला, माहीत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते सांगत, "हळद म्हणजे लेक. उंबरा सोडायच्या आधी तिच्या कानावर चार ओव्या पडू द्याव्या." आणि गायचे सटवाजीमामा.

मामा आमचे नात्याचे कुणी नव्हते. ते मेंढपाळ. रानं मोकळी झाली की दरवर्षी त्यांची मेंढरं आमच्या शेतात खतासाठी बसायची, महिना-दीड महिना. मामा, त्यांची बायको धोंडामामी, आणि त्यांचा चुलतभाऊ लिंबाजी. लिंबाजी ढोल वाजवायचा, मामी झांज वाजवून मागून ध्रुपद उचलायच्या, मामा ओव्या गायचे. रात्री त्यांना कधीच गाता आलं नाही. तेव्हा आमच्याकडं लांडगे होते, अंधार पडला की मामा मेंढरांपासून हलायचे नाहीत. म्हणून गाणं भर दुपारी. उन्हानं मेंढरं चिंचेखाली एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहिली, कुत्री राखणीला बसली, की हे तिघं ढोल घेऊन बांधावरून येताना दिसायचे, आणि माय चुलीवर येसराच्या आमटीचं पातेलं चढवायची. त्या आमटीचा वास आणि हळदीचा वास एकमेकांत मिसळला की गावात वेगळी दवंडी द्यावी लागत नसे.

पण गाणं लगेच सुरू व्हायचं नाही. आधी मामा गोदामाच्या मधोमध उभे राहायचे आणि टाळी वाजवायचे. एक. मग मान तिरकी करून थांबायचे. चार पावलं सरकून पुन्हा एक. मग हुकूम सुटायचे.

"दिगू, त्या कोपऱ्यात दोन पोती वाढव."

मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा, अंगात रग होती. मी आणि दोन गडी पोती उचलायचो.

"आता इथलं एक काढ. तिथं आवाज गुदमरून राहिला."

"मामा, मघाशी तुमीच ठिवाय लावलं ते!"

"मघाशी मी तिथं हुबा नव्हतो."

धोंडामामी दारात बसून पानाला चुना लावायच्या. "वाहा रे वाहा पोती. माझ्या लग्नात बी असंच केलं यानं. वऱ्हाड उपाशी आन् नवरदेव मांडवात टाळ्या वाजवून राहिला."

"तवा बी मांडव बोलत होता," मामा शांतपणे म्हणायचे. खोली बोलते, हा त्यांचा शब्द. "खोली आपल्यापेक्षा जास्त बोलली न्हाई पाहिजे दिगू. पन साफ मुकी बी नको. मुकी खोली गळा पिळून काढती." शेवटच्या टाळीला त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "व्हय. आता बराबर ऐकून राहिली." आम्हाला त्यात काही फरक कळायचा नाही. म्हाताऱ्याची लहर म्हणून गडी पाठमोरे होऊन हसायचे, मीही हसायचो.

आणि मग गाणं! त्या गाण्याबद्दल लिहिताना या वयातही माझा हात भरभर चालायला लागतो. लिंबाजीच्या ढोलाची पहिली थाप पडली की ती कानावर न पडता छातीवर पडायची. पोत्यांवर बायका बसलेल्या असत, वरपर्यंत, थराथरानं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगलं गाणं तिथंच ऐकू यायचं. बाप्ये खाली, मामांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. एखाद्याला खोकला आला तर मामा डोळ्यानंच त्याला विचारत, थांबू का? सगळे हळदीनं माखलेले. माय म्हणायची, आज गावात नवरदेवच नवरदेव, नवऱ्या कुठून आणायच्या? हळदीनं घसा धरू नये म्हणून मामा जिभेखाली गुळाचा खडा धरायचे आणि डोळे मिटायचे.

त्यांची एक ओवी होती, पुराच्या पाण्यापलीकडं राहिलेल्या कोकराची. "नदी आली भरून गं, पैलतीरी कोकरू." एवढं म्हणून मामा थांबायचे. ढोलाची एकच थाप पडायची आणि नंतर काही नाही. ती शांतता! साठ-सत्तर माणसं, लेकरांसह, आणि झरोक्यात चिमणीनं पंख झाडलेला ऐकू येईल अशी शांतता. त्या रिकाम्या जागेत नदी दिसायची. खोटं सांगत नाही, पाणी चढताना दिसायचं. आणि अगदी आता सहन होणार नाही असं वाटेल त्या क्षणी धोंडामामी वरच्या पट्टीत ध्रुपद उचलायच्या, झांज खणकायची, ढोल धावायला लागायचा, आणि अख्खं गोदाम एका दमात ओरडायचं. एका वर्षी आमचा एक गडी, जो पोती वाहताना सगळ्यात जास्त हसला होता, तो उठून नाचायला लागला आणि नाचता नाचता रडायला लागला. कुणी त्याला काही विचारलं नाही.

मी पुढं पुष्कळ ठिकाणी गाणं ऐकलं. मंडपात, मैदानात, मोठमोठ्या सभागृहांत. माझं मत असं झालंय की गाण्याची जागा लागते त्यापेक्षा थोडी लहान असावी, म्हणजे माणसाला शेजाऱ्याचा श्वास लागतो. गाणाऱ्याला ऐकणाऱ्याचे डोळे दिसावेत. जवळपास कुठंतरी काही शिजत असावं. आणि त्या जागेनं आपलं तोंड बंद ठेवून ऐकावं. हे सगळं आमच्या गोदामात होतं, आणि ते तिथं आहे हे मला कळत नव्हतं.

कारण मी नांदेडला एक वर्ष शिकून आलो होतो. तिथं मी सभागृह पाहिलं. गुळगुळीत फरशी, ऑईलपेंटच्या भिंती, रांगेनं खुर्च्या, माईक. परत आलो तेव्हा आमचं गोदाम मला लाज वाटण्यासारखं दिसायला लागलं. शेणाची जमीन, पोत्यांवर चढून बसलेल्या बायका! त्या वर्षी वारंगा फाट्यावरच्या एका नव्या भजनी पार्टीचा बोलबाला होता, पेटी, तबला, स्वतःचा माईक. आणि आखाडा बाळापूरची काही मंडळी आबांकडं म्हणून गेली होती, तुमच्या धनगराची लई तारीफ ऐकतो, एकदा ऐकवा, आमच्या जत्रेत बोलवू. मी आबांना म्हणालो, दोन्ही पार्ट्या एकाच दिवशी ठेवू, पण जागा शोभेशी करू. मला वाटलं होतं, ते उडवून लावतील. पण आबा म्हणाले, "तू शिकून आलास. तुझ्या हिशोबानं कर." त्याआधी घरातल्या कुठल्याही कामात त्यांनी मला असं म्हटलेलं मला आठवत नाही. मी हवेत चालायला लागलो.

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. शहाबादी फरशी आणवली. भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर फिकट निळा ऑईलपेंट. सगळी पोती गड्यांकडून उचलून गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचून घेतली, वर ताडपत्री घातली. शेड आणि गोदाम यांच्यात चाळीस पावलांचं अंतर. शेडला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. मग रिकाम्या गोदामात उभं राहून मी नुसता हसत होतो. केवढं मोठं दिसत होतं! दुप्पट माणसं बसली असती.

गाण्याच्या आदल्या दिवशी मामा आले. चपला बाहेर काढल्या, फरशीवर पाय ठेवला, इकडंतिकडं पाहिलं आणि टाळी वाजवली. टाळी भिंतीवर आपटून परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. मामांनी दुसरी वाजवलीच नाही.

"दिगू, ही लई बोलून राहिली. पोती कुठं हायेत?"

"गेली मामा. वसमतच्या बाजाराला. गाडी मिळाली काल."

मी हे का बोललो? पोती परत आणायला दोन गडी आणि एक सकाळ पुरली असती. पण माझ्या निळ्या भिंती पुन्हा झाकल्या गेल्या असत्या, खुर्च्यांच्या रांगा गेल्या असत्या, आणि आबांना दिसलं असतं की शिकून आलेल्या पोराचं सगळं एका धनगरानं टाळी वाजवून मोडीत काढलं.

"समदी गेली?"

"समदी."

"काहून रे लेकरा?" धोंडामामी म्हणाल्या. "गाण्याच्या आधीच लेकीला वाटं लावलं?"

मामांनी पुन्हा एकदा भिंती पाहिल्या. "मंग चार-पाच घोंगड्या टांगू. माझ्या हायेत, लिंबाजीच्या हायेत."

"मामा, नवा रंग हाय. खिळे नका ठोकू."

त्यांनी भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बराबर हाय. तुमचं घर." माझ्याशी ते त्याआधी कधी 'तुमचं' असं बोलले नव्हते. आणि माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी दुसऱ्या कुणाला पोत्यांबद्दल विचारलं नाही. नुसतं एका गड्याला विचारलं असतं, तरी निभावलं असतं.

दुसऱ्या दिवशी गोदाम फुटेस्तोवर माणूस आला. बाळापूरची मंडळी पुढच्या खुर्च्यांवर. वारंग्याची पार्टी आधी गायली. त्यांनी माईक तोंडाशी धरला होता आणि कर्णे बाहेर लिंबाला बांधले होते, त्यामुळं आत थोडा गोंगाट झाला तरी बाहेरच्या गर्दीला सगळं स्वच्छ ऐकू गेलं, आणि बाहेरून वाहवा येत राहिली. मी दारात उभा, छाती फुगवून. मग मामा उठले. माईक त्यांनी बाजूला सारला. गुळाचा खडा जिभेखाली धरला, डोळे मिटले.

लिंबाजीनं एक थाप दिली आणि ऐकू आल्या तीन. मामांचा शब्द त्यांच्याच मागच्या शब्दावर चढायला लागला. कोकराची ओवी आली. "पैलतीरी कोकरू" म्हणून मामा थांबले, थाप पडली, आणि जिथं शांतता असायची तिथं भिंतींमधून थाप परत आली. मामी त्या परत आलेल्या थापेवर उठल्या, एक मात्रा उशिरा. लिंबाजी त्यांच्या मागं धावला. मामांनी डोळे उघडले. हात वर करून सगळं थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, मेंढरू हुकलं जणू!" आणि हशा पिकला. तो हशासुद्धा भिंतींनी दोनदा ऐकवला. तिसऱ्यांदा मामांनी ओवी अर्ध्यात सोडली, ढोलावर सपाट हात ठेवून त्याचा आवाज बंद केला, सगळ्यांना हात जोडले आणि दारातून, माझ्या अंगावरून, उन्हात निघून गेले. धोंडामामी त्यांच्यामागं गेल्या. जाताना त्यांच्या हातातली झांज वाजू नये म्हणून त्यांनी ती पदरात गुंडाळली होती.

आबा बाळापूरच्या मंडळींना म्हणाले, "वय झालं. कान गेला त्याचा." मंडळी म्हणाली, व्हय, व्हतं असं. आणि सगळ्यांनी माझ्या फरशीची तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा गोदामात गेलो. मधोमध उभा राहिलो आणि टाळी वाजवली. मामांसारखी मान तिरकी केली. ऐकलं. मग शेड उघडली आणि पाठीवर एकेक पोतं आणून एका भिंतीला थप्पी लावली. टाळी वाजवली. फरक! दुसऱ्या भिंतीला लावायला घेतली. घामानं निथळत होतो, मान पिवळी झाली होती, आणि दर चार पोत्यांनी टाळी वाजवत होतो. कोपऱ्यात दोन वाढव. इथलं एक काढ. आणि एका टाळीला ती खोली गप्प झाली. साफ मुकी नव्हे, गप्प! मी ओरडलोच. लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहायचं ठरवलंय: मला आधी शरम वाटली नाही, आधी आनंद झाला. असा आनंद मला परीक्षा पास झाल्यावर झाला नाही, पहिला मुलगा झाला तेव्हा कदाचित झाला असेल. इतकी वर्षं ज्याला लहर म्हणून हसलो ते शास्त्र होतं, आणि ते मला सापडलं होतं! आणि हे जगात ज्याला सांगावं असा एकच माणूस होता. मी तसाच, अंग न धुता, शेताकडं पळत सुटलो.

बांध ओलांडला तेव्हा वेग कमी झाला. चिंचेपर्यंत पोचलो तेव्हा चालत होतो. कारण वाटेत कधीतरी लक्षात आलं की शोध सांगायचा तर पोती कुठून आली, तेही सांगावं लागेल.

मामा वाघूर, मेंढरांभोवती लावायची जाळी, गुंडाळत होते. जागा सोडायला अजून आठ दिवस होते, पण ते आवरायला लागले होते. घोड्यावर सामान चढलं होतं. मला पाहून ते उठले, जवळ आले. मामींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "दिगू, तू शिकेल हायेस. लहानपनापून माझं ऐकून राहिलास. खरं सांग मला. माझा कान गेला, का खोलीत काही व्हतं?"

त्यांच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मी पुन्हा कुठल्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. त्यांना काहीही ऐकायची तयारी होती. माझ्या मानेवर हळद होती. विचारलं असतं कुणी, ही कशाची, तर मी सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

मी म्हणालो, "मामा, वय झालं तुमचं."

त्यांनी मान हलवली. दोनदा. "बराबर हाय," म्हणाले. "मला बी तसंच वाटलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू खरं बोललास, बरं झालं. बाकीचे तोंडावर ग्वाड बोलतेत."

पुढच्या वर्षी त्यांची मेंढरं आमच्याकडं आली नाहीत. मामांनी गाणं सोडलं, हे मला दोन वर्षांनी बाळापूरच्या बाजारात लिंबाजीकडून कळलं. "कान गेला म्हंतो," लिंबाजी म्हणाला. "मला तर काई गेल्यावानी वाटत न्हाई. पन त्यो म्हंतो, दिगूनं बी सांगितलं."

आणि आमचं गोदाम? ते गाजलं. मी फरशी राहू दिली, पण पोती पुन्हा भिंतींना लागली, आणि गाणं होण्याआधी मी मधोमध उभा राहून टाळी वाजवायला लागलो. हिंगोलीहून, परभणीहून गाणारे आले. एक नावाजलेले कव्वाल माझा हात हातात घेऊन म्हणाले, ऐसी जगह बड़े शहर में नहीं मिलती. माणसं विचारायची, दिगांबरराव, ही अक्कल तुम्हाला कुणी दिली? मी म्हणायचो, अनुभवानं येतं. इतके हार घेतले मी त्या गोदामात. खोटं कशाला सांगू, अशा दुपारी मी गाण्यात बुडून जायचो, आनंदानं मांडीवर हात मारायचो. पण कुणी ओवी गाऊ का म्हणालं, तर काही ना काही निमित्त काढायचो.

मामांच्या गावी मी एकदाच गेलो. तोवर माझे केस पांढरे झाले होते, आबा गेले होते, आणि ज्यांच्या नजरेतून उतरू नये म्हणून खोटं बोललो होतो, ते आता नव्हते. मोटारसायकलवरून निघालो तेव्हा वाक्य तयार होतं. मामा अंगणात बाजेवर बसले होते, वाळून काडी झालेले. मी पाया पडलो, नाव सांगितलं. त्यांनी हाताची ओंजळ कानामागं धरली. "कोन?" मी पुन्हा सांगितलं. आत चूल पेटवत असलेल्या धोंडामामी ओरडल्या, "मोठ्यानं बोल लेकरा, त्यायला ऐकू येत न्हाई आता!" शेजारच्या ओट्यावर चार-पाच माणसं सुपारी कातरत बसली होती. त्यातला एक हसून म्हणाला, "आजून मोठ्यानं. तिकडं वेशीत ऐकू गेलं पाह्यजे." गल्लीतली पोरं जमली.

मी बाजेवर मामांना चिकटून बसलो. तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि म्हणालो, "मामा, पोती वसमतला गेली नव्हती. शेजारच्या शेडमधी व्हती. तुमचा कान गेला नव्हता. मी लबाड बोललो." मी हे म्हणालो. सगळं म्हणालो. पण ओट्यावरच्या माणसांना ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात.

मामांनी माझ्या ओठांकडं पाहिलं, ओंजळ पुन्हा कानामागं धरली आणि विचारलं, "काय म्हंतो?"

मामी चहा घेऊन दारात आल्या होत्या. "काय म्हणून राहिला त्यो?" त्यांनी विचारलं. ओट्यावरची माणसं सुपारी कातरायची थांबली होती.

"तब्येत कशी हाय म्हणलं, मामा!" मी ओरडलो.